रॅकला बांधलेला जावई

गोदामाच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोलीबाहेर सकाळपासून रांग लागली होती. चपला भिंतीकडेला ओळीने काढून ठेवलेल्या. दाराला वरच्या बाजूस हातरुमालाएवढी काच होती. तिच्यातून एकेक जण आत डोकावायचा, हात जोडायचा आणि मागच्याची कोपरखळी बसली की पुढे सरकायचा.

"दिसले का?"

"दिसले. खुर्चीत आहेत."

"डोळे मिटलेले की उघडे?"

"उघडे. पण बघत कुठेच नाहीत."

"तेच ते. समाधी लागली असणार."

समाधी वगैरे काही लागली नव्हती. आतल्या माणसाला थंडी वाजत होती. यंत्रं गार राहावीत म्हणून खोलीतला एसी दिवसभर चालू असायचा, आणि यंत्रांबरोबर हाही गार होत होता. अंगात सासऱ्यांचा जुना स्वेटर, बुडाखाली प्लास्टिकची खुर्ची. समोर माणसाहून उंच लोखंडी रॅक, त्यात हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पंखे घरघरत होते.

हा माणूस म्हणजे औषधांच्या या घाऊक गोदामाच्या मालकांचा एकुलता एक जावई. तो खुर्चीत असला की गोदामातलं नेट चालायचं. तो उठून बाहेर गेला की थोड्या वेळाने नेट जायचं. तो परत आला की परत यायचं. हे अख्ख्या गोदामाने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर डोकं चालवण्याचे कष्ट कोण घेतो?

खरं तर तो इथे पाहुणा म्हणून आला होता. जुनी नोकरी सुटली होती, दुसऱ्या शहरातली नवी लागायची होती. मधल्या मोकळ्या दिवसांत सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमचं ते नेटच्या जाळ्याचं काम आमच्याकडेही करून द्या. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला?" लग्नानंतर सासऱ्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. शिवाय सासूबाई गेल्यापासून ते एकटे. नाही कसं म्हणणार?

काम त्याने मन लावून केलं. रॅक ओळंब्यात उभा केला. चौकोनी भोकांत नट बसवताना अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. वर केबली खोचायचं पॅच पॅनेल, त्याखाली नेट वाटणारे स्विच, आणि वीज गेली तर थोडा वेळ तग धरावा म्हणून अगदी तळाशी जडशीळ यूपीएस, म्हणजे बॅटरीची पेटी. मजल्यामजल्यावरून आलेल्या निळ्या केबली त्याने विंचरून, पट्ट्यांनी बांधून, दोन्ही टोकांना नंबर चिकटवून रॅकमध्ये उतरवल्या. पॅकिंगवाल्या मावशी, ज्यांच्या जिभेला गोदामात मालकही टरकून असायचे, बघून म्हणाल्या, "माझ्या नातीच्या वेण्यासुद्धा कुणी इतक्या नीट घालत नाही."

विजेचं काम तेवढं गोदामाच्या जुन्या वायरमनकडे होतं. तळमजल्यावरच्या मुख्य बोर्डापासून रॅकसाठी वेगळी लाइन ओढायची. काम दोन दिवसांचं होतं. वायरमनने ते जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं, आणि सगळ्यांनी त्याच्या झपाट्याचं कौतुक केलं.

नेट सुरू झालं. पॅकिंगच्या पोरी हातातल्या स्कॅनरने खोकी टिकटिक मोजू लागल्या. जावई समाधानाने खोलीतला दिवा मालवून, दार ओढून चहाला गेला. कप अर्धा झाला नाही तोच खालून आरोळी आली, "नेट गेलं."

तो धावत आला. दार उघडलं, दिवा लावला. यूपीएस 'टीं' करून गप्प झाला, पंखे फिरू लागले, हिरवे दिवे एकेक करत जागे झाले.

"वीज जातेय," तो वायरमनला म्हणाला.

वायरमनने त्याच्यासमोर टेस्टर लावला. टेस्टर झगझगला. "करंट एकदम फर्स्ट क्लास आहे साहेब. वीज तुम्ही गेल्यावरच कशी जाईल? तिचं काय तुमच्याशी वाकडं आहे?"

हाच प्रश्न जावयालाही पडला. पुढचे काही दिवस तो चोर पकडायला बसावं तसा खोलीत ठाण मांडून बसला. वीज गेली नाही. जेवायला गेला, गेली. हात धुवायला गेला, परत येईपर्यंत राहिली. केस कापायला गेला, पार गेली. तो जितका पहारा करी तितकं नेट चाले, आणि जितकं नेट चाले तितकी लोकांची खात्री पटत जाई.

अशा वेळी वायरमनने तरंगमहाराजांना आणलं. महाराज पूर्वी मोबाइलची कव्हरं विकायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण थोरामोठ्यांचा पूर्वाश्रम काढू नये. त्यांनी रॅकवरून मोरपीस फिरवलं, मान हलवली आणि सांगितलं, "प्रत्येक तारेत तरंग असतो. ज्या हाताने तार बांधली, त्या हाताशी तरंगाचं लग्न लागतं. हा उठून गेला की तरंग विरहात पडतो."

"म्हणजे आमच्या मालकांच्या लेकीला सवत आली म्हणायची," मावशी पुटपुटल्या. कुणी हसलं नाही.

महाराजांनी नियम घालून दिले. या खोलीत दुसऱ्या कुणाचा पाय पडता कामा नये. आणि स्वामी बाहेर निघाला की दिवा मालवायचा. "अंधारात तरंगाला डुलकी लागते. उजेडात त्याचा विरह वाढतो."

हे ऐकून सासऱ्यांचा चेहरा खुलला. गोदामाच्या प्रत्येक दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'निघताना दिवा बंद'. संडासाच्या दारावर तर दोनदा. "मी आयुष्यभर तेच सांगतोय," ते म्हणाले. "माझं कुणी ऐकलं नाही. लेकीने तर कधीच नाही." जावई मात्र सासऱ्यांचं मन राखायला पहिल्या दिवसापासून हा नियम कसोशीने पाळत होता. एक वेळ श्वास घ्यायला विसरेल, पण दिवा बंद करायला नाही.

त्याने स्वतःच्या हिशेबाने एक उपाय केला. यूपीएस बदलून मोठा आणला. पूर्वी चहा पुरा होत नव्हता, आता आंघोळ होऊ लागली.

"तपोबळ वाढलं," महाराज म्हणाले.

"बॅटरी मोठी आहे, महाराज."

"मोठी कुणामुळे झाली?"

कुठल्याही बाजूने ढकललं तरी आतल्याच बाजूला उघडणारं दार होतं हे बोलणं. जावई परत खुर्चीत बसला.

दिवस असे चालले. सकाळी गोदाम उघडलं की खुर्ची, गोदाम बंद झालं की सुटका. मधे कुठे जिन्यात दिसला की लोक दचकत. "अहो जावईबापू, तुम्ही इकडे? नेट आहे ना?" कुणी काचेतून पोराच्या परीक्षेचं विचारी, कुणी गुडघ्याचं. पहिल्यांदा त्याला राग आला, मग हसू आलं, आणि मग एके दिवशी आपण न उठता बसलोय, पाय मुंग्या येऊन बधिर झालाय, तरी आपण उठत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्या दिवशी तो घाबरला.

सोमवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. बायको त्या शहरात घर लावून बसली होती. सासऱ्यांना सांगितलं तर ते वरणभात कालवत म्हणाले, "कळवा त्यांना, जमत नाही म्हणून. इथे काय कमी आहे? घर एवढं मोठं, आणि ताटावर मी एकटा. लेकीलाही बोलवून घेऊ."

घरजावई. हा शब्द त्याने आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत, हसत हसत वापरला होता. घरजावयाला निदान घरभर फिरता येतं. याच्या वाट्याला एक खुर्ची आली होती.

आज शनिवारी मोठा बेत होता. गोदामाचा सगळ्यात वरचा मजला महाराजांच्या 'तरंगसाधना केंद्रा'ला कायमचा देण्याच्या कागदावर सासरे सही करणार होते. म्हणूनच आजची रांग नेहमीपेक्षा लांब होती. त्या रांगेला वळसा घालून एक बाई खांद्यावर पिशवी घेऊन पुढे आली.

"चपला काढा ताई," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"माझ्याच नवऱ्याला भेटायला?"

तिने सरळ दार ढकललं. नियम मोडला. रांगेतून एक सुस्कारा उठला.

"हे काय ध्यान करून बसलायस?" ती म्हणाली. "अप्पांचा स्वेटर?"

"थंडी वाजते."

"ऊठ."

"नेट जाईल. खाली गाड्या भरतायत, दवाखान्यांची औषधं आहेत."

"तुझा विश्वास आहे यावर? खरं सांग."

"नाही," तो म्हणाला. "पण उठवत नाही. मी उठतो आणि ते जातं. दर वेळी जातं. आता मला वाटायला लागलंय, मी सोमवारी गेलो आणि हे कायमचं बंद पडलं तर? अप्पांचा धंदा बुडेल, आणि मी तो बुडवला म्हणून लोक सांगतील."

"आणि नाही गेलास तर मी तिकडे एकटी, तू इकडे देव. मला देवाशी संसार करायचा नाही. भांडायला समोर माणूस लागतो."

तिने त्याचा उजवा हात धरला. त्याने स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दाराशी त्याचा हात सवयीने बटणाकडे निघाला, पण तो हात बायकोच्या मुठीत होता. मागून ती बाहेर पडली. खोलीतून निघताना दिवा बंद करणं हे काम तिने जन्मात केलं नव्हतं. आजही केलं नाही. दार ओढलं आणि नवऱ्याला घेऊन खाली पॅकिंगच्या हॉलमध्ये आली.

महाराज टेबलामागे बसले होते, शेजारी सासरे, मागे वायरमन. सासऱ्यांच्या हातात पेन होतं.

"बाळ, हे काय केलंस?" सासरे म्हणाले. "नेट जाईल आता."

"जाऊ दे. बघू तर कसं जातं."

सगळे वाट बघत बसले. पोरींच्या हातात स्कॅनर होते. एक खोकं, टिक. दुसरं खोकं, टिक. चहा आला, पिऊन झाला. एका आंघोळीचा वेळ गेला, मग केसांवरून नाहण्याचा वेळ गेला. टिक. टिक.

"अजून चालूच आहे की," मावशी म्हणाल्या.

महाराजांच्या मागे उभ्या वायरमनने कपाळ पुसलं. महाराज मात्र पट्टीचे पोहणारे. "जाईल कसं? स्वामीचं वस्त्र खुर्चीवर आहे. स्वेटरात तेज उतरलंय."

"स्वेटर माझा आहे," सासरे म्हणाले.

"म्हणून तर दुप्पट तेज."

"मग तो स्वेटरही काढू," लेक म्हणाली. "चला सगळे."

वरात जिना चढून वर गेली. पुढे सासरे होते. त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि स्वेटर, तेज, तरंग सगळं विसरले. रिकाम्या खोलीत दिवा जळत होता.

"हे कुणी केलं?" ते लेकीकडे वळले. "लहानपणापासून सांगतोय, घसा कोरडा पडला माझा." दार उघडून त्यांनी हात आत घातला आणि बटण खट्कन बंद केलं.

खोलीत अंधार झाला, आणि दोन-तीन श्वासांनी रॅकच्या तळातून आवाज आला, 'टीं'. थोडा थांबून पुन्हा, 'टीं'.

हा आवाज जावयाने शेकडो वेळा थांबताना ऐकला होता. सुरू होताना कधीच ऐकला नव्हता, कारण तो सुरू होई तेव्हा हा दार ओढून निघालेला असे.

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "दिवा लावा."

खट्. यूपीएस गप्प.

"बंद करा."

खट्. दोन-तीन श्वास, आणि 'टीं'.

"पुन्हा लावा."

"पोरखेळ चाललाय का?" सासरे म्हणाले, पण लावला. यूपीएस गप्प. त्यांनी न सांगता स्वतःच एकदा बंद करून पाहिला. 'टीं'. मग ते त्या बटणाकडे असे बघू लागले, जणू इतक्या वर्षांच्या नोकराने आज तोंड उघडलं होतं.

"आता पुरतं तपासून होऊ दे," लेक म्हणाली. "नाहीतर उद्या म्हणतील, स्वेटरचं तेज होतं. महाराज, हा खुर्चीत बसला की नेट जात नाही. तुमचंच म्हणणं ना?"

एवढी माणसं ऐकत होती. महाराजांनी मान हलवली. ते हलणं नकाराचं होतं की होकाराचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

जावई आत जाऊन खुर्चीत बसला. स्वेटर अंगात घातला. दिवा बंद. दार सताड उघडं. अंधारात हिरवे दिवे लुकलुकत होते आणि यूपीएस ठेक्यात ओरडत होता. इतके दिवस याच खुर्चीत त्याचा जीव गुदमरला होता. आज त्याच खुर्चीत, काळोखात, त्याला मजेत पाय हलवावेसे वाटत होते.

बराच वेळ काही झालं नाही. महाराजांच्या चेहऱ्यावर रंग परतू लागला. मग यूपीएसने एक लांबलचक किंकाळी फोडली, पंखे सुस्तावले, हिरवे दिवे सगळे एकदम मालवले. खालून मावशींचा आवाज आला, "गेलं."

जावई खुर्चीत, स्वेटर अंगात, तेज दुप्पट, आणि नेट गेलेलं.

तो उठला, दिवा लावून बाहेर आला आणि दर्शनाच्या रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभा राहिला. आत कुणी नव्हतं. पंखे फिरले, दिवे आले, थोड्या वेळाने खालून टिकटिक सुरू झाली.

"खुर्ची रिकामी आहे," रांगेतला पुढचा माणूस काचेतून बघून म्हणाला. "आणि चालू आहे." मग तो मागे वळला, जावयाला बघितलं आणि त्याने आपल्या चपला शोधायला सुरुवात केली.

सासऱ्यांनी वायरमनकडे पाहिलं. वायरमनने पेचकस काढला आणि बटणाच्या पेटीचं झाकण उघडलं. आतून एक वायर दिव्याकडे गेली होती, आणि तिच्याच कमरेत हात घालून दुसरी, पांढऱ्या पट्टीआडून, थेट रॅकच्या सॉकेटकडे.

"मुख्य बोर्डापासून लाइन आणायची तर भिंतीला भोक पाडावं लागणार होतं," तो खाली बघून म्हणाला. "म्हटलं इथूनच जोडून घेऊ. बटण मधे येतंय हे दोन दिवसांनी लक्षात आलं. तोवर साहेबांसमोर टेस्टर लावून दाखवला होता. आता कुठल्या तोंडाने सांगू? महाराजांना विचारलं. ते म्हणाले, सोपव माझ्यावर."

"टेस्टर तर लागत होता," सासरे म्हणाले.

"लागणारच," जावई म्हणाला. "तपासायला येणारा प्रत्येक जण आधी दिवा लावायचा. मीसुद्धा. आपण सगळ्यांनी उजेडातच तपासलं. दिवा बंद झाला की बॅटरीवर चालायचं, ती संपली की बंद. मी येऊन दिवा लावला की सुरू. दिव्यावर चाललं होतं सगळं, माझ्यावर नाही."

"आणि दिवा मालवून जायचं, दुसरं कुणी आत जायचं नाही, हे नियम कुणी घातले?" लेकीने विचारलं.

सगळ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पोचले होते. "ही भक्तांची परीक्षा होती," ते न वळता म्हणाले.

"पास झालो का?" खालून वर येणाऱ्या मावशींनी विचारलं, आणि त्यांना जायला वाट दिली. मोरपीस टेबलावर राहिलं. त्याने पुढे स्कॅनरवरची धूळ छान निघायची.

गर्दी पांगल्यावर सासरे त्या रिकाम्या खुर्चीत बसले. हातातला बिनसहीचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"मला शंका आली नव्हती असं नाही," ते म्हणाले. "पण विचारलं असतं तर तुम्ही जायला मोकळे झाला असता. महाराज म्हणत होते जावई इथेच राहायला हवा. माझ्या मनातलंच बोलत होते. मग कशाला तपासायचं?"

लेक त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. "अप्पा, मला नुसतं 'ये' म्हणाला असतात तरी मी आले असते. माणूस बोलवायला रॅक कशाला लागतो?"

ते जावयाने परत केलेल्या स्वेटरच्या बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

रविवारी भिंतीला भोक पडलं. वायरमनने मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढली, या वेळी दोन दिवसांचं काम एका दिवसात, पण जावई शेजारी उभा राहून. निघायची वेळ झाली तेव्हा सासरे दोघांना खोलीपाशी घेऊन गेले. बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबले आणि त्यांनी दिवा बंद केला.

अंधार. सासऱ्यांनी मान तिरकी करून कान दिला. यूपीएस ओरडला नाही. हिरवे दिवे आपले लुकलुकत राहिले, पंखे घरघरत राहिले. त्यांना या घरातल्या कुणाचीच गरज नव्हती.

"जा आता," सासरे म्हणाले. "आणि तिकडे खोलीतून निघताना दिवे बंद करत जा. तुम्हाला नव्हे, हिला सांगतोय."

मंगळवारी मावशींनी फोनवर खबर दिली की गोदाम उत्तम चाललंय, अप्पा पुढच्या महिन्यात तुमच्याकडे यायचं म्हणतायत, आणि जिन्यातून जाणारा एक जण आता त्या बटणाला नमस्कार करतो.

त्याला कुणीतरी सांगायला हवं. चमत्कारापुढे हात जोडायला कुणाची ना नाही, पण जोडण्याआधी त्यातला एक हात घटकाभर मोकळा ठेवावा. त्याने एकच गोष्ट बदलून पाहावी, बाकी सगळं तसंच ठेवावं, आणि काय होतं ते पाहावं. माणूस उठवून दिवा ठेवावा, दिवा मालवून माणूस ठेवावा. याला महाराज लागत नाहीत, पदवी लागत नाही. एक बोट पुरतं.